यंत्राला हेतु असतो काय?

टेकडीवरून घरंगळणारा दगड पायथ्याशीं येऊन थांबला, तर ‘पायथा गांठणें हा त्याचा हेतु होता’ असें आपण म्हणत नाहीं. वाटेंत अडसर आला तर तो तेथेंच थबकेल. दुसरा उपाय करणार नाहीं. आतां जेम्स वॅटनें १७८८ सालीं वाफेच्या यंत्राला जोडलेला वेगनियामक पाहा. वेग वाढला कीं त्याचे दोन फिरते गोळे बाहेर फेंकले जाऊन वर उचलले जातात व वाफेची झडप कांहींशी मिटते. वेग मंदावला कीं गोळे उतरतात व झडप उघडते. परिणामाची वार्ता पुन्हां कारणाकडे पोंचते आणि झालेला फरक भरून निघतो. यालाच ‘फीडबॅक’ म्हणतात. ओझें वाढो वा घटो, यंत्र आपला वेग राखूं पाहतें. १९४३ सालीं आर्तुरो रोझेनब्लूथ, नॉर्बर्ट वीनर व ज्यूलियन बिगेलो यांनीं एका निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, सहेतुक वर्तनाच्या मुळाशीं हीच रचना असते.

यावर आक्षेप असा कीं, ज्याला इच्छा नाहीं त्याला हेतु कोठला? याचें उत्तर आपल्या देहांतच सांपडतें. निरोगी शरीराची उष्णता सुमारें ३७ अंश सेल्सिअस असते. जंतूंचा संसर्ग झाला कीं मेंदूंतील उष्णतेचें नियमन करणारें केंद्र ही पातळी वर नेतें. मग पारा ३८ वर असतांही रोग्याला हुडहुडी भरते, तो पांघरूण मागतो. स्नायू थरथरून आणखी उष्णता निर्माण करतात. ताप उतरूं लागला कीं तेंच शरीर घाम गाळून उष्णता बाहेर टाकतें. शरीराचें लक्ष्य मध्यंतरीं बदललें होतें, हें उघड आहे. पण ताप यावा अशी रोग्याची इच्छा मुळींच नव्हती. सारांश, लक्ष्य व इच्छा या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. यंत्राला पहिलें असूं शकतें. त्यावरून दुसरी असल्याचें सिद्ध होत नाहीं.

हा भेद व्यवहारांतही मोलाचा आहे. तापाचें लक्ष्य उत्क्रांतीच्या ओघांत घडलें. वेगनियामकाचें कारागिरानें ठरविलें. आज आपल्या प्रतिसादावरून पुढें काय दाखवावें हें ठरविणाऱ्या संगणकांना ‘पाहणारा अधिक वेळ खिळून राहावा’ असें लक्ष्य दिलें गेलें, तर तें कोणा माणसानेंच दिलेलें असतें. ‘यंत्रानें केलें’ एवढें म्हणून तो मोकळा होऊं शकत नाहीं. यंत्राला हेतु आहे असें खुशाल म्हणावें; मात्र तो कोणी नेमला, हा प्रश्न लगोलग विचारावा.