बर्फांतील बदामराणी

पत्त्यांचें नांव निघतांच पुष्कळ घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. पत्ते म्हटले कीं जुगार, आणि जुगार म्हटला कीं घराचा नाश, अशी त्यांची समजूत असते. ती अगदींच निराधार आहे असें आम्हांसही म्हणवत नाहीं. तथापि ज्या बावन्न पानांच्या पायीं पैसा व वेळ गमावतां येतो, त्याच पानांनीं एक संध्याकाळ निर्मळ आनंदांत घालवितां येते, व त्या निमित्तानें पदार्थविज्ञानाचे दोनचार नियम कायमचे ध्यानांत राहतात, हें गतवर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या तयारींत आम्हां चौघां वर्गबंधूंच्या प्रत्ययास आलें. ती हकीकत आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींच्या उपयोगी पडावी, व त्यांच्या पालकांसही वाचण्याजोगी वाटावी, म्हणून येथें देत आहों.

प्रथम आमचा प्रयोग प्रेक्षकांस कसा दिसला तें सांगूं. मेजावर पितळी परातींत बर्फाची एक पांढरी वीट उभी केली होती. पहिल्या रांगेंतील एका गृहस्थांनीं पत्त्यांचा जोड आपल्या हातानें काटला. निघालेलें पान बदामाची राणी होतें. त्या पानाचा एक कोपरा फाडून त्यांच्याच मुठींत दिला व उरलेलें पान पाकिटांत घातलें. पाकीट उघडलें तों आंत कांहीं नाहीं! मग हातोडीच्या दोन ठोक्यांनीं बर्फाची वीट फोडली. आंत बदामाची राणी निघाली, व तिचा एक कोपरा फाटलेला होता. गृहस्थांनीं मुठींतील तुकडा जुळवून पाहिला. तो बरोबर बसला.

या प्रयोगास लागणारें सर्व साहित्य घरीं तयार होतें. विकत घेतले ते फक्त एकाच छापाचे पत्त्यांचे दोन जोड.

आतां साहित्याची कृति. पहिलें पान. साधा पत्ता हा कागदाचे थर खळीनें चिकटवून केलेला असतो. तो पाण्यांत पडला कीं कडांतून पाणी आंत शिरतें, खळ सुटते व थर वेगळे होतात. आमची पहिली राणी अशीच गेली. बर्फ फोडला तेव्हां तिचें तोंड एका तुकड्यास व पाठ दुसऱ्या तुकड्यास चिकटलेली होती. यावर उपाय मेणाचा. दुसऱ्या जोडांतील बदामाची राणी घेऊन तिचा एक कोपरा फाडावा व तो तुकडा जपून ठेवावा. नंतर एका लहान डब्यांत मेणबत्तीचे तुकडे घालून तो डबा कढत पाण्याच्या पातेल्यांत ठेवावा. मेण सुमारें 60 अंश सेल्सियसच्या आंतच वितळतें, म्हणून तें उघड्या विस्तवावर ठेवण्याचें कारण नाहीं. ठेवल्यास पेट घेण्याचें भय असतें. हें काम घरांतील कोणी मोठें माणूस जवळ असतांनाच करावें. वितळलेलें मेण कापसाच्या बोळ्यानें पानाच्या दोन्ही अंगांस पातळ लावावें. कडांस, व विशेषतः फाटलेल्या कडेस, दोनदां लावावें.

ही युक्ति आपल्या देशांत नवी नाहीं. सावंतवाडीचे चितारी जे गोल गंजिफा रंगवीत आले आहेत, त्यांच्या पानांवर लाखेचा हात दिलेला असतो. दशावतारी गंजिफांत 120 पानें असतात. रंगास झळाळी यावी, व हाताळण्यानें पान लवकर खराब होऊं नये, हा त्या लाखेचा हेतु. जें काम तेथें लाख करते तें आमच्या राणीसाठीं मेणानें केलें.

दुसरें साहित्य म्हणजे बर्फाची वीट. येथें आमची फजिती झाली, पण शिकावयास मिळालें तेंही येथेंच. प्रथम आम्हीं कांचेची बरणी काठोकाठ भरून शीतकपाटांत ठेवली. सकाळीं बरणी तडकलेली आढळली. बहुतेक पदार्थ गोठतांना आकुंचन पावतात. पाणी मात्र फुगतें. शंभर घनसेंटिमीटर पाण्याचा बर्फ सुमारें एकशेंनऊ घनसेंटिमीटर होतो, आणि त्या फुगण्यापुढें कांचेचें कांहीं चालत नाहीं. म्हणून भांडें स्टीलचें घ्यावें व त्याचा दहावा हिस्सा रिकामा ठेवावा.

दुसऱ्या खेपेस स्टीलचा चौकोनी डबा घेऊन पाण्यांत मेण लावलेलें पान सोडलें. तें वर तरंगूं लागलें व तसेंच वरच्या पृष्ठभागीं गोठलें. राणीसाहेब सर्वांस दर्शन देत बसल्या! मेण पाण्याहून हलकें, तेव्हां तें बुडावें कसें? तिसऱ्या खेपेस युक्ति साधली. डबा निम्मा भरून प्रथम तेवढाच गोठूं दिला. त्यास पांच तास लागले. त्यावर पान आडवें ठेवून दोन चमचे थंडगार पाणी घातलें व तें गोठून पान जागच्या जागीं चिकटल्यावर उरलेलें पाणी ओतलें. हेंही पाणी थंडच असावें. कोमट ओतल्यास खालचा बर्फ तडकतो. मग डबा रात्रभर तसाच ठेवला.

आतां वाचक विचारतील कीं, बर्फ तर पारदर्शक. मग आंतील पान दिसलें कसें नाहीं? याचें उत्तर बर्फाच्या एका दोषांत आहे. नळाच्या पाण्यांत हवा विरघळलेली असते. पाण्याचे स्फटिक बनूं लागले कीं ते हवेस आपल्यांत थारा देत नाहींत, पुढें ढकलीत जातात. डब्यांतील पाणी बाहेरून आंत गोठत येतें, म्हणून ती हवा मध्यभागीं कोंडली जाते व तिचे असंख्य बारीक बुडबुडे बनतात. त्यांवर प्रकाश इतस्ततः विखुरतो, आणि म्हणून बर्फाचा गाभा दुधासारखा पांढरा दिसतो. बर्फाच्या कारखान्यांतून येणाऱ्या लादीच्या मध्यावर जो पांढरा पट्टा दिसतो, त्याचेंही कारण हेंच. आमच्या विटेंत दोन थर असल्यामुळें राणीच्या पुढें एक व मागें एक असे दोन पडदे आपोआप तयार झाले. स्वच्छ बर्फ हवा असणारे लोक पाणी उकळून त्यांतील हवा घालवितात. आम्हांस तो दोषच हवा होता, म्हणून पाणी न उकळतां घेतलें. विटेच्या कडेनें निरखून पाहिल्यास एक अस्पष्ट रेघ दिसे. यास्तव वीट तिची रुंद बाजू प्रेक्षकांकडे येईल अशी उभी केली.

ज्यांच्या घरीं शीतकपाट नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. तीन भाग कुटलेला बर्फ व एक भाग जाडें मीठ एकत्र केल्यास त्या मिश्रणाचें उष्णतामान शून्याखालीं 18 अंशांच्या आसपास उतरतें. हातानें फिरविण्याच्या पात्रांत आईस्क्रीम होतें तें याच तत्त्वानें. बादलींत हें मिश्रण घालून त्यांत आपला डबा रोवावा. बर्फ किती लागेल याचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. अर्धा लिटर पाणी 25 अंशांवरून शून्यावर आणण्यास 12,500 कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते, व शून्यावरील पाण्याचा बर्फ करण्यास दर ग्रॅमास 80 प्रमाणें आणखी 40,000. एकूण 52,500 कॅलरी झाल्या. एक ग्रॅम बर्फ वितळतांना 80 कॅलरी शोषून घेतो. म्हणजे सुमारें 656 ग्रॅम बर्फ हिशेबानें पुरावा. परंतु बादलीच्या बाजूंनीं बाहेरची उष्णता सारखी आंत येत असते, यास्तव अडीच-तीन किलो बर्फ घेतलेला बरा. खारें पाणी डब्यांत जाऊं देऊं नये, व त्या मिश्रणांत उघडा हात घालूं नये. अतिशय थंडीनेंही कातडी भाजल्यासारखी होते.

तिसरें साहित्य पाकीट. त्याच रंगाच्या कागदाचा एक पडदा आंत घालून तळाशीं व दोन्ही बाजूंस चिकटवावा. वरची कड मोकळी ठेवावी. पान पडद्यामागें सोडावें, आणि दाखवितांना अंगठ्यानें पडदा मागच्या बाजूस दाबून धरावा. पाकीट रिकामें दिसतें.

आतां हातचलाखी. गृहस्थांनीं बदामाची राणीच कशी काढली? ती त्यांनीं काढलीच नाहीं. आम्हीं ती आधींच जोडाच्या सर्वांत वर ठेविली होती. त्यांनीं जोड काटून वरचा भाग मेजावर ठेवला, तेव्हां उरलेला खालचा भाग आम्हीं त्यावर आडवा ठेविला. नंतर क्षणभर विटेकडे बोट दाखवून दोन शब्द बोललों. तेवढ्यानें कोणता भाग मूळचा वरचा, याचा प्रेक्षकांस विसर पडतो. मग आडवा भाग उचलून, “आपण काटलें तेथील पान पाहा,” असें म्हटलें कीं हातीं लागतें तें मूळचें सर्वांत वरचें पान. कोपऱ्याचेंही तसेंच. जपून ठेविलेला पहिला तुकडा उजव्या हाताच्या बोटांत दडविलेला असतो. नवा कोपरा फाडून तो मुठींत राहूं द्यावा व जुना गृहस्थांच्या हातीं ठेवावा. नवा तुकडा हातोडी घेतांना खिशांत जातो. हें सर्व आरशासमोर शंभरदां केल्याशिवाय चारचौघांत करूं नये. वीट फोडणें त्या मानानें सोपें. मेण व बर्फ यांची घट्ट पकड बसत नाहीं, म्हणून वीट बहुधा पानाच्या जागींच दुभंगते. ठिकऱ्या उडूं नयेत म्हणून तिच्यावर जाड रुमाल टाकावा.

घरून शाळेपर्यंत वीट नेतांना आम्हीं ती प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून लाकडाच्या भुशांत पुरली व वरून गोणपाट गुंडाळलें. भुशाचा गुण जगास फार पूर्वीं कळला आहे. 1833 सालीं अमेरिकेंतील बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनीं तळ्यांतील बर्फ टस्कनी नामक जहाजांत भरून कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदां विषुववृत्त ओलांडणें. तरी निघालेल्या 180 टनांपैकीं सुमारें 100 टन बर्फ शाबूत पोंचला. पुढील वर्षीं मुंबईसही असा बर्फ आला. भुशाच्या कणांमध्यें अडकलेली हवा उष्णतेस वाट देत नाहीं, एवढेंच त्यांतील रहस्य. जो पदार्थ तेव्हां सातासमुद्रांपलीकडून येई, तो आज मंगरूळपीर येथें उन्हाळ्यांत मुलांच्या हातीं गोळ्याच्या रूपानें सहज येतो.

येथपर्यंत लिहून थांबावें असा विचार होता. परंतु एक गोष्ट सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. प्रयोग संपला, टाळ्या झाल्या, व आम्ही परात उचलून आंत नेत होतों. इतक्यांत एक वृद्ध आजी पुढें आल्या. त्यांच्या हातीं रिकामा पेला होता. परातींत बर्फ वितळून पाणी सांचलें होतें, त्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “लेकरा, थे पानी मले दे. माया नातवाले तीन दिसांपासून ताप हाये.”

आम्ही चौघेही स्तब्ध झालों. क्षणापूर्वीं ज्या टाळ्यांचा अभिमान वाटत होता त्यांची लाज वाटली. आम्हीं कोठेंही दैवी सामर्थ्याचा दावा केला नव्हता, हें खरें. पण हा केवळ हाताचा खेळ आहे असेंही सांगितलें नव्हतें. आमच्यापैकीं एकानें खालीं बसून सांगितलें, “आजी, हें नळाचेंच पाणी आहे. पान आम्हींच काल त्यांत घातलें होतें.” त्यांचा विश्वास बसेना. तेव्हां डबा आणला, मेण लावलेली राणी त्यांच्या हातीं दिली, पाकिटांतील पडदा दाखविला. आजींनीं अंगठ्यानें पडदा दोनदां मागें-पुढें केला आणि त्या हंसल्या. नातवास दवाखान्यांत न्यावें, हें त्यांच्या मुलास आम्हीं त्याच रात्रीं सांगितलें. त्यानें दुसरे दिवशीं तसें केलें.

त्या दिवसापासून आम्हीं एक नियम केला. प्रयोगाच्या आरंभींच सांगावयाचें कीं, यांत मंत्र नाहीं, सिद्धि नाहीं. विज्ञान व हातचलाखी आहे. असें सांगितल्यानें मौज कमी होत नाहीं. पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे (1924–1984) यांच्यासारख्या कलावंतांनीं ही कला उघडपणें कला म्हणूनच रंगभूमीवर मिरविली, व लोकांनीं तिकिटें काढून ती पाहिली. 1989 सालीं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापिली. तिचे कार्यकर्ते गांवोगांव जाऊन चमत्कार करून दाखवीत व लगेच त्यामागील कारण समजावून देत. 20 ऑगस्ट 2013 रोजीं डॉक्टरांची पुण्यांत हत्या झाली. त्याच वर्षीं डिसेंबरांत विधिमंडळानें जादूटोण्याविरुद्धचा कायदा संमत केला. चमत्काराचा दावा करून लोकांस फसविणें व पैसा उकळणें हा त्यांत गुन्हा ठरला आहे.

कायदा मोठ्यांसाठीं झाला. आम्हां विद्यार्थ्यांस तो पेला पुरेसा आहे. खेळ आणि फसवणूक यांचें साहित्य एकच असतें: तेंच पान, तोच बर्फ, तोच रुमाल. भेद इतकाच कीं, खेळ करणारा शेवटीं पडदा दूर करण्यास तयार असतो व फसविणारा नसतो. पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांच्या हातीं पत्ते दिसले तर एकदम रागावूं नये. “यांत काय केलेंस तें मला दाखव,” असें म्हणावें. जो मुलगा तें मोकळेपणानें दाखवील, त्याच्या हातीं बावन्न पानें निर्धास्तपणें द्यावींत.