वर्गातील सेवाकार्य आणि सहिष्णुतेचे शिक्षण

शालेय मुलांना दयाभाव आणि सहिष्णुता शिकविता येते काय, आणि येत असल्यास वर्गाने मिळून केलेल्या सेवाकार्यातून ती कशी शिकवावी, हा विषय मी आजच्या व्याख्यानासाठी हेतुपुरस्सर निवडला आहे. ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर बेळगावच्या मुलांना शिकविले. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वसलेल्या या गावात सहिष्णुता हा केवळ निबंधाचा विषय राहू शकत नाही, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

शाळेतील सेवाकार्य ही काही नवी कल्पना नव्हे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्माजींनी हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. पुढे १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा विषय सुचविला आणि तो शाळांच्या वेळापत्रकात आला. त्याचे पुष्कळ ठिकाणी काय झाले, ते येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना स्मरत असेलच. कागदी फुले, पुठ्ठ्याच्या फायली आणि वर्षाकाठी एखादा श्रमदानाचा अर्धा दिवस!

याखेरीज आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. वर्ग एखाद्या अनाथाश्रमात जातो, फळे वाटतो, छायाचित्र निघते आणि बस परत येते. यामागील सद्हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्या तासाभरात मूल प्रत्यक्षात काय शिकते? आपण देणारे आणि समोरचा घेणारा, एवढेच. आश्रमातल्या ज्या मुलाने रांगेत उभे राहून केळे घेतले त्याचे नाव काय, त्याला गणित आवडते की चित्रकला, हे आपल्या मुलाला ठाऊक होत नाही. अशी दया उंचावरून खाली वाहते. ‘सहिष्णुता’ या शब्दाच्या मुळाशी तर ‘सह्’ म्हणजे सोसणे हा धातू आहे, आणि निव्वळ सोसण्याने शेजारी आपला होत नाही.

मग काय करावे? या प्रश्नाचा शास्त्रीय मागोवा घेणाऱ्यांत हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचे नाव अग्रभागी आहे. पूर्वग्रहांवरील त्यांचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. भिन्न समूहांतील माणसे नुसती एकमेकांसमोर आल्याने पूर्वग्रह मावळत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, ध्येय समाईक हवे, ते गाठण्यासाठी खरोखरीचे सहकार्य हवे आणि वडीलधाऱ्यांचे वा संस्थेचे उघड पाठबळ हवे, अशा चार अटी त्यांनी सांगितल्या. फळवाटपाच्या कार्यक्रमात यांपैकी पहिल्या तीन अटींचा मागमूसही नसतो.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ मुलांचे एक शिबिर भरविले. मुले अकरा-बारा वर्षांची, साधारण एकाच थरातील. त्यांचे दोन गट पाडून त्यांच्यात चढाओढीचे सामने लावले. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत आणि खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत मजल गेली. नंतर दोन्ही गटांना एकत्र जेवावयास बसविले, तर त्यांनी अन्नच एकमेकांच्या अंगावर फेकले. सहभोजनाने मने जुळतात असे आपण सहज म्हणतो. तेथे ती जुळली नाहीत. मग शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला (अर्थात तो मुद्दाम पाडला होता) आणि बिघाड शोधण्यासाठी सर्वांना राबावे लागले. पुढे अन्न आणणारी मालमोटार ‘बिघडली’, तेव्हा रस्सीखेचीत जो दोर दोन्ही गटांनी विरुद्ध दिशांना ओढला होता, तोच दोर लावून सर्वांनी मिळून ती ओढली. अशी कामे एकामागून एक येत गेली, तेव्हा कोठे वैर ओसरले. या प्रयोगावर पुढे टीकाही झाली. भांडणे लावण्यात संशोधकांचाच हात होता आणि १९५३ सालच्या अशाच एका शिबिरात मुलांनी भांडावयास नकार दिला होता, हे नंतर उजेडात आले. मला तर ती नकार देणारी मुले अधिक भावतात. परंतु त्या दोराचे महत्त्व या टीकेने कमी होत नाही.

परदेशाची उदाहरणे आपल्याकडे लागू पडतील काय, अशी शंका रास्त आहे. म्हणून आपल्याच देशातील दोन अभ्यास सांगतो. सवलतीच्या दरात सरकारी जमीन मिळालेल्या दिल्लीतील खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांसाठी जागा राखणे भाग पडले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या शाळांतील संपन्न घरांतील मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब सहाध्यायी लाभलेली मुले अधिक उदार झाली आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरिबांना डावलण्याचे त्यांचे प्रमाण घटले. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली, एरवी अभ्यासावर लक्षणीय परिणाम नव्हता. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरांनुसार पाडले जात; त्यामुळे कोणाच्या शेजारी कोण हे निव्वळ वर्णमालेने ठरे. मुख्याध्यापकांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे. हजेरीपटावरील एवढीशी व्यवस्था जे साधते, ते सुविचारांच्या फळ्याला साधत नाही.

दुसरा अभ्यास मॅट लोव यांचा, २०२१ साली प्रसिद्ध झालेला. उत्तर प्रदेशात त्यांनी निरनिराळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेटचे सामने भरविले. एकाच संघात खेळलेल्यांची जातीपलीकडे मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांच्या बाबतीत परिणाम बहुतांशी उलट झाला. आंतरशालेय स्पर्धांतून बंधुभाव वाढतो असे बक्षीससमारंभात बोलण्यापूर्वी आपण सर्वांनीच जरा थांबावे, हे उत्तम.

आता आपल्या गावाकडे वळतो. येथे १ नोव्हेंबर हा दिवस एका घरी राज्योत्सवाचा, तर शेजारच्या घरी काळ्या दिवसाचा. सीमाप्रश्नी १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सारे मुले घरातून ऐकतच वाढतात. अशा गावात आठवीच्या वर्गासाठी सेवाकार्य ठरविताना मी शेजारच्या कन्नड माध्यमाच्या शाळेतील एका शिक्षकमित्राला बरोबर घेतले. विषय निवडला तो विहिरींचा. १९२४ साली महात्माजींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आपणांस परिचित आहे. १९९० च्या दशकात पाणीटंचाई झाली, तेव्हा शहरातील जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. आमच्या मुलांनी आपापल्या गल्लीतील विहिरींची नोंदवही करावयाची, आणि पावसाळ्यापूर्वी त्यांच्या काठांचा परिसर स्वच्छ करावयाचा, असे ठरले.

यातील खुबी अशी की, विहिरीची माहिती असणारी वृद्ध मंडळी कोणी मराठी बोलणारी, कोणी कन्नड, कोणी उर्दू. चार-चार मुलांच्या तुकडीत दोन्ही शाळांची मुले असल्याखेरीज वहीचे पान भरणेच अशक्य होते. कन्नड आजींसमोर आमचा हुशार विद्यार्थी मुका होई आणि शेजारच्या शाळेतला बुजरा मुलगा पुढे सरसावे. पुढच्या दारी नेमके उलट. दर्जाची समानता मी शिकविली नाही, ती कामाच्या रचनेतूनच आली. तिसऱ्या दिवशी मुलांना एक शोध लागला. कन्नडमध्ये विहिरीला ‘बावी’, उर्दू बोलणाऱ्या आजोबांच्या तोंडी ‘बावडी’, आणि आपल्या जुन्या मराठीत ‘बाव’. संस्कृत ‘वापी’पासून निघालेले हे शब्द मी फळ्यावर लिहून दाखविले असते, तर वहीत उतरवून घेऊन मुले विसरली असती.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. एक पालक संतापून आले. “आमची भाषा येथे टिकवायची म्हणून आम्ही मुलाला या शाळेत घातले, आणि तुम्ही त्याला त्यांच्यात पाठवता?” त्यांचा प्रश्न टाकाऊ नव्हता. भाषेचा अभिमान आणि तिच्यासाठी सनदशीर मार्गाने झगडण्याचा हक्क सोडून देणे म्हणजे सहिष्णुता, असा समज झाला तर माणसे तिच्यापासून दूरच पळतील. मी त्यांना मुलाने मराठीत लिहिलेली पाने दाखविली. त्याच्या आजवरच्या कोणत्याही निबंधाहून ती सरस होती. ते गृहस्थ पूर्णपणे पटून गेले असे म्हणवत नाही. मुलाला मात्र त्यांनी काढून घेतले नाही.

शिक्षकबंधू-भगिनींसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. असे काम एका दिवसात उरकू नये. आम्ही दर शनिवारी दोन तास, याप्रमाणे दहा आठवडे ते केले. आरंभ जानेवारीत केला, कारण नोव्हेंबरचा सुमार टाळणे शहाणपणाचे होते. विहिरीच्या कठड्याशी मुलांना शिक्षकाविना कधीही जाऊ देऊ नये. या कामाला गुण देऊ नयेत. दयाळूपणाला दहापैकी सात गुण मिळू लागले की मुले त्याचाही क्लास लावतील! प्रत्येक शनिवारनंतर पाच ओळी मात्र लिहून घ्याव्यात, आणि प्रश्न ‘आज कोणाला मदत केलीस?’ असा न विचारता ‘आज तुला कोणी मदत केली?’ असा विचारावा. पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेकांनी ही जागा कोरी सोडली होती. चौथ्यापासून तेथे नावे येऊ लागली, आणि अडनावांशिवाय.

नोंदवहीच्या दोन प्रती केल्या, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये. मराठी प्रत त्यांच्या शाळेच्या कपाटात आहे आणि कन्नड प्रत आमच्या. दुरुस्ती करावयाची झाली की एका शाळेच्या मुलांना दुसऱ्या शाळेत जावे लागते.