कारसाठी कव्हर घ्यायचंय? आधी गाडी कुठे उभी असते ते पाहा

मे महिन्यात ऊन तापलं की आणि जूनमध्ये ढग दाटून आले की कार कव्हरची विक्री जोरात सुरू होते. हमरस्त्याच्या कडेला दोरीवर लटकवलेली चंदेरी कव्हर्स दिसू लागतात आणि ऑनलाइन दुकानांत 'शंभर टक्के वॉटरप्रूफ'च्या जाहिराती झळकतात. किंमत काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत असते.

बहुतेक जण कव्हर घेताना दोनच गोष्टी बघतात: गाडीचं मॉडेल आणि किंमत. पण चुकीचं कव्हर नुसतं निरुपयोगी नसतं, ते गाडीचं नुकसानही करतं. कव्हर नसलेल्या गाडीपेक्षा चुकीच्या कव्हरखालच्या गाडीला लवकर गंज चढल्याचं दिसू शकतं.

मग कव्हर निवडायचं कसं? आणि ते खरंच लागतं का?

कव्हर नेमकं कशाला वाचवतं?

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लाखेसारखा थर असतो. त्याला 'क्लिअर कोट' म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवरचे हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात, म्हणजे एका मिलीमीटरचा जेमतेम आठवा-दहावा भाग. गाडीची चकाकी या पातळ थरावर अवलंबून असते.

उन्हातले अतिनील किरण क्लिअर कोटला हळूहळू कमकुवत करतात. आधी चमक जाते, मग छतावर आणि बॉनेटवर पांढुरके डाग दिसू लागतात. डॅशबोर्डचं प्लास्टिक, वायपरचं आणि खिडक्यांचं रबरही उन्हाने कडक होतं.

पक्ष्यांची विष्ठा हा दुसरा शत्रू. तिच्यात युरिक आम्ल असतं. उन्हाने तापलेल्या रंगावर ती पडून तशीच वाळली, तर धुतल्यानंतरही तिथे खळगा पडल्यासारखा डाग राहतो.

झाडाखाली उभ्या गाडीवर चिकट थेंबही पडतात. दरवेळी तो झाडाचा चीक असतोच असं नाही. कोकणातल्या आंबा बागायतदारांना तुडतुडे चांगले माहीत आहेत. मोहोराचा रस शोषणारे हे किडे साखरेसारखा चिकट द्रव सोडतात. असे रस शोषणारे किडे शहरातल्या झाडांवरही असतात. या चिकट थरावर धूळ बसली की ती सहज पुसली जात नाही.

या तिन्ही गोष्टींपासून चांगलं कव्हर गाडीला वाचवतं. धुळीपासूनही वाचवतं, पण त्याला एक अट आहे. ती पुढे येईलच.

मग नुकसान कसं होतं?

कव्हरखाली अडकलेला ओलावा हे त्याचं मुख्य कारण.

पाणी अजिबात आत न जाऊ देणारं प्लास्टिकचं कव्हर आतलं पाणीही बाहेर जाऊ देत नाही. ओल्या जमिनीतून वाफ वर येते, रात्री पत्रा थंड होतो आणि त्यावर आतल्या बाजूने दव साचतं. सकाळी ऊन पडलं की कव्हरखाली दमट भट्टी तयार होते. असं महिनाभर चाललं, तर जिथे रंगाचा टवका आधीच उडालेला आहे तिथे गंज धरतो. आत सीटला बुरशी लागते आणि गाडीत कुबट वास येतो.

समुद्रकिनाऱ्यावर हे आणखी वेगाने होतं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनारपट्टीवर हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. मीठ ओलावा धरून ठेवतं आणि गंजाचा वेग वाढवतं.

दुसरं नुकसान घासण्यामुळे होतं. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर चढवलं की कव्हर आणि रंग यांच्यामध्ये ती धूळ पॉलिश पेपरसारखी काम करते. ढगळ कव्हर वाऱ्याने रात्रभर फडफडत राहिलं, तर सकाळी रंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. म्हणूनच धुळीबाबतची अट अशी: कव्हर पुढच्या धुळीपासून वाचवतं, पण आधी बसलेली धूळ पुसून काढल्याशिवाय ते घालू नये.

गाडी कुठे उभी असते?

कव्हरची निवड याच प्रश्नावरून व्हायला हवी.

इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये: इथे ऊन-पाऊस नाही, फक्त धूळ आणि मांजरांचे पंजे. मऊ अस्तराचं, हवा खेळती ठेवणारं साधं कापडी कव्हर पुरतं. वॉटरप्रूफ कव्हरचा इथे काही उपयोग नाही.

नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या उघड्या उन्हात: इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हाचे किरण परतवणारं फिकट किंवा चंदेरी रंगाचं कव्हर घ्यावं. काळं किंवा गडद निळं कव्हर ऊन शोषून घेतं आणि तापतं. मात्र स्वस्त कव्हरवरचा चंदेरी मुलामा उन्हातच सुटू लागतो आणि त्याची भुकटी गाडीवर चिकटते. असं होऊ लागलं की कव्हर बदलायची वेळ झाली असं समजावं.

मुंबई आणि कोकणातल्या पावसात: इथे 'वॉटरप्रूफ'पेक्षा पाणी बऱ्यापैकी अडवणारं आणि वाफ बाहेर सोडणारं अनेक थरांचं कव्हर जास्त उपयोगी. खरं तर नुसत्या पावसाच्या पाण्याने चांगल्या रंगाचं फारसं बिघडत नाही, ते वाहून जातं. ओलं कव्हर आठवडाभर गाडीवर ठेवण्यापेक्षा संततधारेच्या दिवसांत गाडी उघडी ठेवलेली बरी.

झाडाखाली किंवा बांधकामाशेजारी: जाड आणि घट्ट विणीचं कव्हर हवं. ते वरचेवर धुवावं लागणार, त्यामुळे धुता येईल असंच घ्यावं.

कापडावरचे आकडे काय सांगतात?

विक्रेते 'डेनिअर' आणि 'जीएसएम' हे शब्द वापरतात. डेनिअर म्हणजे धाग्याची जाडी: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. दोन्ही आकडे मोठे असतील तर कापड साधारणपणे जाड आणि टिकाऊ असतं, पण ते जडही असतं. रोज एकट्याने घालायचं-काढायचं असेल, तर जड कव्हर चार दिवसांत डिकीत पडून राहतं.

आकड्यांपेक्षा हाताने करायच्या चार चाचण्या जास्त भरवशाच्या:

१. कापड ओठांशी धरून फुंकर मारा. थोडी तरी हवा पलीकडे जात असेल, तर वाफही बाहेर पडेल.

२. कापडाचा खोलगट भाग करून त्यात अर्धा ग्लास पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. लगेच गळत असेल तर ते पावसात टिकणार नाही.

३. आतली बाजू गालावर फिरवा. गालाला टोचणारं कापड रंगालाही ओरखडणार.

४. ओला पांढरा रुमाल कव्हरच्या आतून घासा. रुमालाला रंग लागला, तर तो पांढऱ्या गाडीलाही लागू शकतो.

शिलाईही तपासा. पाणी बहुतेक वेळा कापडातून नव्हे, शिलाईच्या भोकांतून आत येतं. दुहेरी शिलाई आणि त्यावर आतून पट्टी असेल तर उत्तम.

माप मॉडेलप्रमाणेच का हवं?

'सगळ्या हॅचबॅकना बसेल' असं सांगून विकलेलं कव्हर बहुधा कुठल्याच गाडीला नीट बसत नाही. वॅगन-आर आणि बलेनो या दोन्ही हॅचबॅक. पण वॅगन-आरची लांबी साधारण ३.६५ मीटर आणि उंची १.६७ मीटर, तर बलेनोची लांबी सुमारे ३.९९ मीटर आणि उंची १.५० मीटर. एकीचं कव्हर दुसरीला चढवलं तर एकीकडे ताणलं जाईल आणि दुसरीकडे लोंबेल.

मॉडेलबरोबर गाडीचं वर्षही सांगा, कारण नवी आवृत्ती आली की माप बदलतं. आरशांसाठी वेगळे खिसे, अँटेनासाठी जागा, खाली पुढे-मागे इलॅस्टिक आणि पोटाखालून लावायचा पट्टा या चार गोष्टी असाव्यात. पट्ट्याचं बकल प्लास्टिकचं असावं, धातूचं रंगावर आपटतं. कव्हर उडू नये म्हणून छतावर वीट ठेवणं किंवा वरून काथ्या आवळणं टाळा.

कव्हर घालताना धोके कोणते?

गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर थोडा वेळ थांबा. तापलेल्या सायलेन्सरला लागून कव्हर वितळू शकतं.

दिवाळीत जास्त काळजी घ्या. पॉलिएस्टर आणि प्लास्टिक लवकर पेट घेतात. एखादा बाण कव्हरवर येऊन पडला, तर आग गाडीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. ज्या आवारात फटाके उडतात, तिथे त्या रात्री गाडी उघडी ठेवणं किंवा दुसरीकडे लावणं जास्त सुरक्षित.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कव्हर घालण्याआधी गाडीत डोकावून बघा आणि सगळे दरवाजे लॉक करा. खेळता खेळता बंद गाडीत अडकून लहान मुलं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. काचेतून मूल कुणाला तरी दिसू शकतं. कव्हर घातलेल्या गाडीत ती शक्यताही उरत नाही.

बरेच दिवस गाडी न हलवता झाकून ठेवली, तर कव्हरखालची उबदार, अंधारी जागा उंदरांच्या पथ्यावर पडते. ते वायरी कुरतडतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी कव्हर काढा, बॉनेट उघडून पाहा आणि गाडी थोडी फिरवून आणा. सार्वजनिक रस्त्यावर धूळ खात पडलेली झाकलेली गाडी महापालिकेच्या बेवारस वाहनांच्या यादीतही जाऊ शकते. नंबर प्लेट दिसेल अशी पारदर्शक खिडकी असलेलं कव्हर अशा ठिकाणी बरं.

कव्हर काय करू शकत नाही?

पुरापासून कव्हर वाचवत नाही. पार्किंगमध्ये पाणी भरतं अशा भागात कव्हरवर खर्च करण्याआधी विम्याची कागदपत्रं काढून बघा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यातही पाणी शिरून इंजिन बिघडलं तर त्यासाठी बहुतेकदा वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर ती सुरू करून बघू नका. इंजिनात पाणी असेल तर त्या एका प्रयत्नात ते निकामी होऊ शकतं.

आणि गाडी रोज सकाळी बाहेर काढून रात्री सावलीत लागत असेल, तर पूर्ण कव्हरची गरजच नाही. काचेआड लावायचा सनशेड आणि आठवड्यातून एकदा धुणं एवढं पुरे.

थोडक्यात, दुकानात जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा: गाडी कुठे उभी असते, किती दिवस उभी राहते आणि कव्हर रोज कोण घालणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बघू' असं असेल, तर तूर्त कव्हरचे पैसे वाचवा आणि एक चांगलं मऊ फडकं घ्या.