आखूड पाय : फरक वाढतो कसा?

मूल चालताना एका अंगाला कलते, एकाच चपलेची टाच झिजते. घरात वाक्य ठरलेले : "मोठा झाला की भरून निघेल." कधी ते खरेही ठरते. दोन ते दहा वर्षांच्या मुलाचे मांडीचे हाड मोडले, तर जुळल्यावर ते उलट जास्त वाढते व साधारण एक सें.मी.ची तूट भरून काढते. परंतु इतर अनेक कारणांत मूल वाढते तसा फरकही वाढत जातो.

हाड लांब होते ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पातळ चकतीतून. तान्हेपणी सांध्यात पू झाला किंवा अपघातात चकतीच चिरडली, की त्या बाजूची वाढ खुंटते. दुसरा पाय मात्र वाढतच राहतो. आठ वर्षांच्या मुलाची गुडघ्यावरची चकती बंद पडली, तर सोळाव्या वर्षापर्यंत फरक सात-आठ सें.मी.वर जातो. जन्मतः एक हाड दशांशाने आखूड असेल, तर हाड २० सें.मी. असताना फरक २ सें.मी., ४० झाल्यावर ४.

फरक घरीच मोजता येतो. मुलाला अनवाणी, गुडघे ताठ ठेवून उभे करावे. कमरेची दोन्ही हाडे समपातळीत येईपर्यंत आखूड पायाखाली वह्या ठेवाव्यात. वह्यांची जाडी तारखेसह लिहावी. कोयत्यावर जाणाऱ्या बिऱ्हाडांनी निघताना एकदा व गावी परतल्यावर एकदा मोजले, की सहामाही नोंद आपोआप होते. ती घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

दोन सें.मी.पर्यंत बहुधा बुटाची टाच उंच करून भागते. दोन ते पाच सें.मी. फरक होणार असा अंदाज आला, तर लांब पायाची चकती वेळेवर थांबवण्याची लहान शस्त्रक्रिया करतात. ती वाढ शिल्लक असतानाच उपयोगी. मुलींची वाढ चौदाच्या, मुलांची सोळाच्या सुमारास संपते. माझ्याकडे मुलींना आणतात ते मात्र स्थळे पाहू लागल्यावर!

त्यानंतर मोठ्या फरकासाठी उरतो हाड लांबवण्याचा मार्ग. सैबेरियातील डॉ. इलिझारोव्ह यांच्या पद्धतीत हाड कापून, पायाभोवती कडी बसवून ते रोज एक मि.मी. ताणतात. पाच सें.मी.साठी ताणण्यातच पन्नास दिवस जातात आणि नवे हाड पक्के होईपर्यंत कडी आणखी काही महिने पायावरच असतात.