शिंपल्यांत विष आलं कुठून? डीएनएच्या एका अक्षराने लावलेला माग

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर 1986 मध्ये 15 शिंपले-फार्म तात्पुरते बंद करावे लागले, काही तर तब्बल सहा महिने. कारण होतं जिम्नोडिनियम कॅटेनाटम हा एकपेशीय सूक्ष्मजीव. कालवं, शिनाणे पाणी गाळून खातात, त्यामुळे याचं विष त्यांच्या अंगात साठतं. दिसायला, वासाला शिंपला नेहमीसारखाच. पण खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात आणि विष जास्त गेलं तर श्वासही थांबू शकतो. शिजवून हे विष जात नाही.

हा जीव तिथला जुना रहिवासी होता का? खाडीच्या तळातला गाळ थराथराने तपासला गेला. 1970च्या दशकाआधीच्या थरांत त्याच्या सिस्ट, म्हणजे कठीण कवचातल्या झोपलेल्या पेशी, सापडल्याच नाहीत. म्हणजे हा पाहुणा!

संशय गेला जहाजांवर. रिकामं जहाज तोल सांभाळायला टाक्यांत समुद्राचं पाणी भरतं आणि माल चढवताना ते दुसऱ्या बंदरात सोडतं. यालाच बॅलास्ट पाणी म्हणतात. टास्मानियातून जपानला लाकडाच्या चिपा जायच्या, त्यामुळे येताना जहाजं पाणी घेऊनच यायची. ऑस्ट्रेलियात 343 मालवाहू जहाजं तपासली, तेव्हा 16 जहाजांच्या गाळात विषारी जातींच्या सिस्ट मिळाल्या. एका टाकीत तर अलेक्झांड्रियम या दुसऱ्या विषारी जीवाच्या 30 कोटींहून जास्त!

पण हे सगळं परिस्थितीजन्य. सूक्ष्मदर्शकाखाली जपानी पेशी आणि स्पॅनिश पेशी सारखीच दिसते. मग डीएनए वाचला गेला. अडचण अशी, की जगभरच्या नमुन्यांत फरक जवळपास नव्हताच. 2007 मध्ये ख्रिस्तोफर बोल्च आणि मिगेल डी सालास यांनी एक खूण दाखवली. 5.8एस नावाच्या जनुकात एका जागी सी आणि टी या अक्षरांचा फरक आहे, आणि त्या खुणेवरून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे जीव जपानच्या हारिमा नादा समुद्रातल्या जीवांचे जवळचे नातेवाईक ठरतात.

अर्थात डीएनए नातं सांगतो, जहाजाचं नाव नाही.

आता पेशी शोधत बसावं लागत नाही. पाण्याच्या नमुन्यातला डीएनए पीसीआरने तपासता येतो, कोरोनाच्या टेस्टचाच हा भाऊ. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार 8 सप्टेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या जागतिक प्रायोगिक प्रकल्पातल्या सहा बंदरांत मुंबईही होती. करारानुसार 10 ते 50 मायक्रॉन आकाराचे जिवंत जीव मिलिलिटरमागे 10 पेक्षा कमीच हवेत. गोची 'जिवंत' या शब्दात आहे. मेलेल्या पेशीचा डीएनएही काही काळ पाण्यात टिकतो, आणि पीसीआरला दोन्ही सारखेच दिसतात.