बरगड्यांवर ढोलकी, यकृतात लाटा!

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी वणीकडचं आहे का? यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. खाणीत सुरुंग उडाला की लांबच्या घरातही मांडणीवरची भांडी खणखणतात. हा हादरा जमिनीतून चालत येतो. आणि गंमत अशी, की सगळीकडे त्याचा वेग सारखा नसतो! कपाशीच्या काळ्या, मऊ मातीतून तो रमतगमत जातो, कडक खडकातून मात्र धावत सुटतो.

हीच युक्ती वापरून डॉक्टर तुमच्या पोटातलं यकृत मऊ आहे की कडक, हे सांगू शकतात!

यकृत म्हणजे मटणाच्या दुकानातली ‘कलेजी’. पोटात उजवीकडे, बरगड्यांच्या आड ते बसलेलं असतं. मोठ्या माणसाचं यकृत सुमारे दीड किलोचं. निरोगी असेल तर ते मऊ असतं. पण दारू, चरबी किंवा हिपॅटायटिसचे विषाणू यांचा मार वर्षानुवर्षं बसला, की त्यात व्रण साठतात आणि ते घट्ट होत जातं. वेळीच कळलं आणि कारण दूर केलं, तर ही घट्टाई कमीही होऊ शकते. म्हणून ती लवकर कळायला हवी.

पूर्वी डॉक्टर हाताने पोट चाचपून बघत, नाहीतर सुई खुपसून यकृताचा बारीक तुकडा काढत. १९९५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या राजा मुथुपिल्लई, रिचर्ड एहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी वाट दाखवली. आज यकृतासाठी ती अशी वापरतात : उजव्या बरगड्यांवर ढोलकीसारखी एक चपटी चकती बांधायची. ती सेकंदाला ६० वेळा थरथरते. रुग्णाने थोडा वेळ श्वास रोखायचा, की एमआरआय यंत्र यकृतातून जाणाऱ्या लाटांचं चित्र टिपतं! कडकपणा २ किलोपास्कल असेल, तर एक लाट सुमारे २.४ सेंटिमीटर लांब. ८ असेल, तर सुमारे ४.७! म्हणजे चौपट कडक, तर दुप्पट लांब लाट.

आता एक अवघड प्रश्न. एमआरआयमध्ये गाठी स्पष्ट दिसाव्यात म्हणून बऱ्याचदा शिरेतून गॅडोलिनियम या धातूचं औषध टोचतात. त्याने चित्र उजळतं. पण त्यामुळे कडकपणाचा आकडा बदलला तर? निरोगी माणूस आजारी ठरायचा, किंवा आजारी माणूस निर्धास्त घरी जायचा!

संशोधकांनी त्याच माणसांचं यकृत औषधाआधी आणि औषधानंतर मोजलं. आकडे जवळजवळ तेच आले! का बरं? तळ्यातल्या लाटा आठवा. त्यांवर बॅटरीचा झोत टाकला तर त्या उजळ दिसतील, पण दोन लाटांमधलं अंतर थोडंच बदलणार? इथेही मोजायची असते लाटेची लांबी, चित्राचा उजेड नव्हे.

याचा फायदा मोठा आहे. यकृताच्या पेशींत शिरणारं एक खास औषध दिल्यावर सुमारे वीस मिनिटं थांबावं लागतं. त्या रिकाम्या वेळात हे मोजमाप उरकता येतं!

मग आकडा कशाने फसतो? एक म्हणजे जेवणाने! जेवल्यावर यकृताकडे जास्त रक्त धावतं आणि ते थोडं कडक भासू शकतं. म्हणून आधी काही तास उपाशी राहायला सांगतात.

दुसरी अडचण लोहाची, आणि ती आपल्या विदर्भाच्या जिव्हाळ्याची आहे. इथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. काहींना पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं आणि त्यातलं लोह यकृतात साठतं. गॅडोलिनियम चित्र उजळतं, पण लोह ते काळंकुट्ट करतं. मग नेहमीच्या पद्धतीत लाटाच दिसत नाहीत! ज्या मुलांच्या यकृतावर नजर ठेवायची गरज सर्वांत जास्त, तिथेच यंत्र आंधळं होतं. अशा वेळी चित्र टिपण्याची वेगळी रीत वापरतात. तिने बऱ्याच जणांचं काम होतं, सगळ्यांचं नाही. ही अडचण पूर्ण सोडवायची अजून बाकी आहे.

काय सांगावं, ती सोडवणारं डोकं या घटकेला वणीच्या एखाद्या शाळेत, शेवटच्या बाकावर बसून हा अंक वाचत असेल!