वैरणीचा हिशेब

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस, वालिस प्रांतात, फिस्पा नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर ट्योर्बेल नावाचे एक लहानसे खेडे उभ्या उतारास बिलगून वसले आहे. उंदरांपासून धान्याचे रक्षण व्हावे म्हणून येथील लाकडी कोठारे खुंटांवर ठेवलेल्या रुंद, चपट्या दगडी चकत्यांवर तोललेली असतात. आणि हे खोरे त्या देशातील अत्यंत कोरड्या प्रदेशांपैकी असल्यामुळे डोंगरावरचे पाणी दूरवरून पाटांनी आणून पाळीपाळीने शेताकुरणांस द्यावे लागते.

शेते आणि गवताची कुरणे ज्याच्या त्याच्या मालकीची. परंतु जंगल, पाट, रस्ते आणि उंचावरील उन्हाळी गायरान ही मात्र समस्त गावाची. १४८३ च्या एका दस्तऐवजान्वये, बाहेरच्या माणसाने येथे जमीन खरेदी केली तरी गायरानावर त्याचा हक्क उत्पन्न होत नाही. १५१७ सालचे कलम तर मला विलक्षण वाटते: आपल्या वैरणीवर हिवाळाभर जेवढ्या गाई पोसता येतील, त्यांहून एकही अधिक गाय कोणी उन्हाळ्यात वर धाडू नये. गायरानाची मर्यादा अशा रीतीने प्रत्येकाच्या घरच्या गवताने ठरली. लोभाने गाई विकत घेऊन चार महिने फुकट चारण्याची वाटच राहिली नाही. गुरे वर चढताना गाई मोजल्या जात, चीजची वाटणीही त्याच प्रमाणात होई, आणि कलम मोडणाऱ्यास दंड करणाऱ्या कारभाऱ्यास त्या दंडातील निम्मी रक्कम मिळे.

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाचा नाश अटळ असल्याचे प्रतिपादन केले आणि ते जगभर प्रमाण मानले गेले. रॉबर्ट नेटिंग या मानववंशशास्त्रज्ञाने मात्र ट्योर्बेलमध्ये राहून तेथील दप्तरे वाचली. आणि २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी त्या गावाचा दाखला आपल्या ग्रंथात अग्रभागी ठेवला. शतकानुशतके ज्यांनी आपले रान राखले, त्यांची साक्ष विद्वानांनी इतक्या उशिरा घ्यावी याचा मला खेद वाटतो.

जंगलातील सरपणाची रीत पाहा. तोडायची झाडे वनरक्षक आधी खुणावून ठेवी. मग हक्कदार घरांतील माणसे टोळ्या करून ती तोडीत, ओंडके ओढून आणीत आणि त्यांचे सारख्या आकाराचे ढीग रचीत. कोणता ढीग कोणाचा, हे त्यानंतर चिठ्ठ्या टाकून ठरे. त्यामुळे रचणारा प्रत्येक ढीग आपलाच असल्यासारखा रची.